विश्लेषण : ‘सवाई’साठी पुण्याला जाताय? एक दिवस जास्त ठेवा!

डिसेंबर जवळ आला की माहीम-दादरच्या अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. यंदा ‘सवाई’ला जायचे का? कोण गाणार आहे, तिकीट कधी मिळणार, राहायचे कुठे आणि मुख्य म्हणजे रात्री परत कसे यायचे? पुणे हे गाण्याचे शहर, आणि सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव ही त्या शहराची सर्वांत मोठी ओळख. त्यामुळे आयुष्यात एकदा तरी तिथल्या मांडवात बसावे असे वाटणे स्वाभाविक आहे. पण केवळ महोत्सव पाहून परत आले, की पुण्याचे गाणे खरोखर ऐकले असे म्हणता येते का? वेळापत्रक, नियम आणि गाण्याचा स्वभाव या तिन्हींचा हिशेब मांडला तर उत्तर ‘अर्धेच’ असे येते.

महोत्सव कधीपासून, कुठे?

किराणा घराण्याचे गायक रामभाऊ कुंदगोळकर म्हणजेच सवाई गंधर्व. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे ते शिष्य. १९५२ मध्ये त्यांचे पुण्यात निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये हा महोत्सव सुरू झाला. सवाई गंधर्वांचे शिष्य पं. भीमसेन जोशी यांनी तो अनेक दशके वाढवला, सांभाळला. आर्य संगीत प्रसारक मंडळ ही आयोजक संस्था. २०११ मध्ये भीमसेन जोशी यांच्या निधनानंतर महोत्सवाच्या नावात त्यांचेही नाव जोडले गेले.

अनेक वर्षे हा महोत्सव शनिवार पेठेतील रमणबाग शाळेच्या मैदानावर होत असे. २०१८ पासून तो मुकुंदनगरच्या महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर भरू लागला. तारखा दरवर्षी बदलतात. २०२४ मध्ये तो १८ ते २२ डिसेंबर असा झाला, तर २०२५ मध्ये १० ते १४ डिसेंबर. त्यामुळे गेल्या वर्षीच्या तारखा धरून रजा टाकणाऱ्याची फसगत होऊ शकते.

माहीमहून जाऊन त्याच दिवशी परत येता येते का?

येते, पण मोठी किंमत मोजून. मुंबई ते पुणे रेल्वेचे अंतर १९२ किलोमीटर. जलद गाड्यांना सव्वातीन तासांच्या आसपास लागतात. माहीमहून लोकलने दादर हे दुसरेच स्थानक, आणि पुण्याकडे जाणाऱ्या अनेक गाड्या तिथे थांबतात. सकाळी जाण्याचा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो परतीचा.

दोन्ही शहरांमधील सर्वांत लाडकी गाडी म्हणजे १ जून १९३० रोजी सुरू झालेली दख्खनची राणी. ती सकाळी पुण्याहून निघते आणि संध्याकाळी मुंबईहून परत फिरते. म्हणजे तिचे वेळापत्रक मुंबईत काम उरकून घरी जाणाऱ्या पुणेकराच्या सोयीचे. गाणे ऐकून घरी परतणाऱ्या माहीमकराला तिचा उपयोग नाही. पुण्याहून सुटणाऱ्या इंटरसिटी गाड्यांपैकी बहुतेक संध्याकाळी सात वाजायच्या आत निघालेल्या असतात. महोत्सव मात्र दुपारी सुरू होऊन रात्री दहापर्यंत चालतो, आणि ज्यांच्यासाठी लोक येतात ते ज्येष्ठ कलाकार शेवटी बसतात. दिवसाच्या गाडीने परतायचे तर त्यांनाच सोडून उठावे लागते.

उरतात दोन पर्याय. मध्यरात्रीनंतर पुण्याहून जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या, किंवा रस्ता. दादरहून शिवनेरी बस मिळतात आणि मुकुंदनगर स्वारगेटपासून जवळ आहे, त्यामुळे जाताना बस सोयीची. पण शनिवार-रविवारी खंडाळ्याच्या घाटात वाहतूक अडकली की सगळे गणित कोलमडते. दिवसभर मांडवात मांडी घालून बसल्यावर पहाटे घर गाठायचे आणि सकाळी कार्यालयात जायचे, हे एकदा जमते. दुसऱ्या वर्षी माणूस जायचेच टाळतो. त्यामुळे मुक्काम हा नियोजनाचा पाया आहे, चैन नव्हे.

रात्रीचे गाणे दहाला का थांबते?

सवाईच्या जुन्या श्रोत्यांच्या गप्पांत रात्रभर चालणाऱ्या मैफलींचा उल्लेख हमखास येतो. संध्याकाळी मांडवात शिरायचे आणि उजाडताना भैरवी ऐकून बाहेर पडायचे, अशी ती पद्धत होती. ध्वनिप्रदूषण नियम २००० आणि त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये दिलेल्या निकालामुळे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास मनाई आहे. राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही मुदत रात्री बारापर्यंत वाढवता येते. महोत्सवाला एखाद्या दिवशी मिळणारी बारापर्यंतची मुभा याच तरतुदीतून येते.

नियम योग्यच आहे. शेजारच्या इमारतीतील आजारी माणसाला आणि परीक्षेच्या मुलाला झोपेचा हक्क आहे. डिसेंबरातच माहीमला मखदूम अली माहिमी यांच्या दर्ग्याची जत्रा भरते, मुंबई पोलिसांच्या संदलाची मिरवणूक बँडसह निघते. आवाज आणि झोप यांचा मेळ घालणे किती अवघड, हे माहीमकराला वेगळे सांगायला नको.

पण या नियमाचा गाण्यावर परिणाम झाला, हेही खरे. हिंदुस्थानी संगीतात रागाला वेळ असते. मुलतानी, मारवा, पूरिया धनाश्री, यमन हे दुपार ते रात्रीच्या पहिल्या प्रहरातले राग दहापर्यंतच्या सत्रात सहज बसतात. दरबारी किंवा मालकंसाची वेळ येईपर्यंत मांडव उठण्याची वेळ होते. पहाटेचा ललित आणि सकाळची तोडी ऐकायची तर सकाळचे वेगळे सत्र असावे लागते. रागांच्या विश्वाचा जवळपास अर्धा भाग अशा रीतीने मोठ्या मांडवाबाहेर राहतो.

इथे एक बाब अनेकांच्या लक्षात येत नाही. नियमातील रात्रीची बंदी बंदिस्त सभागृहाच्या आतल्या ध्वनिवर्धकाला त्याच प्रकारे लागू नाही. म्हणजे रात्रीचा राग रात्री ऐकण्याची जागा कायद्याने शिल्लक ठेवली आहे, आणि ती जागा म्हणजे छोटे सभागृह.

मग एक दिवस जास्त कशासाठी?

याच छोट्या सभागृहासाठी. महोत्सवात एका दिवसात चार-पाच कलाकार असतात. प्रत्येकाच्या वाट्याला साधारण तासभर येतो. त्यात तानपुरे जुळवणे, सत्कार, शेवटी एखादा अभंग किंवा ठुमरी. विलंबित ख्यालाला उरतो अर्धा-पाऊण तास. ख्याल मात्र वेळ मागतो. स्वर एकेक करून उघडत जाणे, गायकाने एखाद्या जागी रेंगाळणे, तबलजीशी नजरानजर होणे, हे घड्याळ समोर असताना पूर्ण होत नाही. दोन-अडीच तासांच्या बैठकीत तोच कलाकार वेगळा वाटतो तो यामुळेच.

पुण्याची कीर्ती महोत्सवाने झाली असे मानले जाते. कालक्रम उलटा आहे. पं. भास्करबुवा बखले यांनी पुणे भारत गायन समाज १९११ मध्ये स्थापन केला, म्हणजे महोत्सवाच्या ४२ वर्षे आधी. पं. विनायकराव पटवर्धन यांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय १९३२ मध्ये सुरू केले. या संस्थांमधून शिकलेल्यांतले सगळेच कलाकार झाले नाहीत, पण घराघरांत कान तयार झालेले श्रोते मात्र तयार झाले. पुढे महोत्सवाचा मांडव भरला तो अशा श्रोत्यांनी. महोत्सव हे फळ आहे, झाड वर्षभराच्या बैठकांचे आहे. म्हणून पुण्याला जाणाऱ्याने महोत्सवाच्या आधीचा किंवा नंतरचा एक दिवस पेठांतल्या किंवा कोथरूडच्या एखाद्या लहान कार्यक्रमासाठी ठेवावा. कलाकाराचे नाव ओळखीचे नसले तरी चालेल. उलट तेच बरे.

‘यूट्यूबवर सगळे मिळते, मग जायचे कशाला’ हा प्रश्न तरुण वाचकांकडून हमखास येतो. ध्वनिमुद्रण गाणे जपते, यात वाद नाही. पण कलाकाराला समोरून ‘वा’ ऐकू आली की तो त्या जागेवर पुन्हा येतो, आणखी काही शोधतो. ती दाद स्क्रीनमधून पोहोचत नाही. प्रत्यक्ष मैफलीत श्रोता गाण्याचा हिस्सा असतो, आणि रिकाम्या खुर्च्यांचाही परिणाम गाण्यावर होतोच.

पण त्यासाठी पुणेच कशाला?

हा प्रश्न माहीमकराने स्वतःला जरूर विचारावा. पं. विष्णू दिगंबर पलुसकर यांनी लाहोरनंतर १९०८ मध्ये गांधर्व महाविद्यालय मुंबईत आणले. गिरगावातल्या ऑपेरा हाऊस परिसरातील प्रा. बी. आर. देवधर यांच्या संगीत विद्यालयात कुमार गंधर्व घडले. उस्ताद अल्लादिया खाँ यांची अखेरची वर्षे याच शहरात गेली. किशोरी आमोणकर २०१७ मध्ये निधन होईपर्यंत प्रभादेवीत राहत होत्या. गाण्याचे शहर म्हणून मिरवायला मुंबईकडे काहीच कमी नव्हते.

आजही माहीम आणि माटुंग्याच्या सीमेवर, जे. के. सावंत मार्गावर दादर-माटुंगा कल्चरल सेंटर आहे. शास्त्रीय संगीताच्या बैठकींसाठी ते ओळखले जाते. माहीम स्थानकाच्या पश्चिमेकडून तिथे चालत जाता येते. १९६९ मध्ये स्थापन झालेले एनसीपीए नरिमन पॉइंटला आहे. भुयारी मेट्रो सुरू झाल्यापासून शीतलादेवी मंदिर स्थानकातून विधान भवन स्थानक गाठता येते, आणि मेट्रो चुकली तरी चर्चगेटहून लोकल मध्यरात्रीपर्यंत आहे.

तरीही चित्र असे की १९२ किलोमीटरच्या प्रवासाचे नियोजन दोन महिने आधी होते, आणि दोन किलोमीटरवरच्या बैठकीची माहिती ती होऊन गेल्यावर कळते. मुंबईकराला वेळ नाही, ही सबब अर्धीच खरी. लांबच्या महोत्सवाला ‘जाऊन आलो’ म्हणता येते, फोटो टाकता येतो. जवळच्या बैठकीत सांगण्यासारखे काही नसते, फक्त ऐकण्यासारखे असते. मोठ्या व्यासपीठावर दहा वर्षांनी बसणारा कलाकार आज याच लहान सभागृहात चाळीस-पन्नास लोकांपुढे गात असतो. तिथे कोणी आलेच नाही तर त्याला वेळ देऊन गाण्याची सवय लागणार कुठे? आणि उद्याच्या मांडवात शेवटी बसणार कोण?

चेन्नईचा डिसेंबर काय सांगतो?

डिसेंबरातच चेन्नईत मार्गळीचा संगीत हंगाम असतो. तिथे एकच मोठा मांडव नाही. शहरभर पसरलेल्या ‘सभा’ एकाच वेळी कार्यक्रम करतात. सभासदांच्या वर्गणीवर उभ्या राहिलेल्या या संस्था आहेत. सर्वांत नामांकित म्युझिक अकॅडमीची स्थापना १९२८ ची. मोठ्या कलाकारांच्या संध्याकाळच्या मैफलींना तिकीट असते, तर दुपारच्या वेळा बहुधा नवोदितांना दिल्या जातात आणि त्यातल्या अनेक विनामूल्य असतात. युनेस्कोने २०१७ मध्ये चेन्नईला संगीतासाठी सर्जनशील शहरांच्या यादीत घेतले. तिथेही दुपारची सभागृहे अनेकदा अर्धी रिकामी दिसतात. पण नव्या गळ्याला हक्काची जागा आणि वेळ मिळते, आणि बाहेरगावचा पाहुणाही एका दिवसात नवे-जुने दोन्ही ऐकू शकतो. मुंबई-पुण्याने घेण्यासारखी गोष्ट हीच.

नियोजन कसे करावे?

१. तारखा आणि कलाकारांची यादी आयोजकांकडूनच खात्री करून घ्यावी. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या जुन्या पत्रिकांवर विसंबू नये.

२. पाचही दिवस जाण्याचा हट्ट नको. दोन दिवस निवडावेत, आणि त्यातला एक तरी अनोळखी कलाकारांचा असावा. खुर्चीपेक्षा भारतीय बैठकीचे तिकीट स्वस्त पडते. गुडघे साथ देत असतील तर तेच घ्यावे.

३. मुक्काम आधी ठरवावा, परतीची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारनंतरची घ्यावी. सकाळी एखादी बैठक मिळाली तर ती ऐकता येते.

४. उघड्या मैदानावर पुण्याची डिसेंबरातली थंडी मुंबईकराला बाधते. शाल, पायमोजे आणि बसायला जाड चादर जवळ असावी.

५. मोबाइल बंद ठेवावा. चित्रीकरण करणाऱ्याच्या मागे बसलेल्याला गायक नाही, स्क्रीन दिसतो.

६. परत आल्यावर जानेवारीतली एक तारीख घराजवळच्या बैठकीसाठी आताच राखून ठेवावी. नियोजनातला हा सर्वांत स्वस्त भाग आहे आणि सर्वांत आधी विसरला जाणाराही.

सवाईला जरूर जावे. एवढ्या श्रोत्यांनी एका सुरावर एकदम शांत होणे हा अनुभव दुसरीकडे सहज मिळत नाही. मात्र ते गाणे पुढे चालू राहायचे असेल, तर पुण्याचे तिकीट काढणाऱ्या माहीमकराला अधूनमधून जे. के. सावंत मार्गापर्यंत चालत जावे लागेल. त्यासाठी ना आरक्षण लागते, ना रजा.