तांबेऱ्याला बांध दिसत नाही

त्र्यंबक, तपोवन, गोदावरी ही नावे नाशिक जिल्ह्यात तीर्थक्षेत्राची म्हणून परिचित आहेत. परंतु ती गव्हाच्या वाणांचीही नावे आहेत. निफाडजवळच्या कुंदेवाडी येथील सरकारी संशोधन केंद्रात हे वाण तयार झाले. तांबेऱ्याला दाद न देणे हा त्यांचा मोठा गुण होय.

तांबेरा ही बुरशी. तिचे बीजाणू वाऱ्यावर शेकडो मैल प्रवास करतात. मैदानातील उन्हाळा तिला सोसत नाही, डोंगरांच्या थंडाव्यात ती तग धरते आणि हंगामात वाऱ्याबरोबर परतते, हे के. सी. मेहता यांनी स्वातंत्र्यापूर्वीच सिद्ध केले. दक्षिणेत हे आश्रयस्थान निलगिरी व पळणीच्या डोंगरांत आहे.

पुढे अमेरिकेत हॅरॉल्ड फ्लॉर यांनी जवसाच्या तांबेऱ्यावरून दाखविले की, पिकाच्या प्रत्येक प्रतिकारक जनुकाला बुरशीतील एक जनुक जुळलेले असते. ते बदलले की पिकाची ढाल निकामी होते. राय या धान्यातून गव्हात आणलेल्या ‘एसआर ३१’ या जनुकावर अनेक देश विसंबून होते. १९९८ साली युगांडात त्यालाही न जुमानणारा तांबेरा आढळला. ‘यूजी ९९’ या नावाने ओळखला जाणारा हा तांबेरा पुढे इराणपर्यंत पोचला. सारांश, हे संशोधन एकदा करून संपत नाही.

मग ते करावयाचे कोणी? बाजार करील, असे सांगणाऱ्यांनी हिशेब तपासावा. गहू स्वपरागित पीक आहे. कणगीत राखलेले बियाणे पुढील वर्षी तसेच उगवते, आणि ते राखण्याचा, देण्याघेण्याचा हक्क २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला दिला आहे. ज्या मालाला दरसाल गिऱ्हाईक नाही, त्यात खाजगी भांडवल कशाला पडेल? बुरशीनाशकाची बाटली मात्र दर हंगामात विकता येते. शिवाय एका शेतात रोग थांबला तर शेजारचे शेतही वाचते. त्या शेजाऱ्याकडून किंमत कोण वसूल करणार?

सरकारी हिशेबनीसाची अडचण वेगळी आहे. वाढलेले उत्पन्न त्याला दिसते, न झालेले नुकसान दिसत नाही. साथ आली नाही म्हणून संशोधनाचा खर्च अनाठायी ठरविणे म्हणजे पूर आला नाही म्हणून धरणाची देखभाल बंद करणे होय.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. संशोधन केंद्रांना दीर्घ मुदतीची हमी असलेला निधी मिळावा, शास्त्रज्ञांची पदे रिक्त राहू नयेत. सर्वत्र एकच वाण न पेरता वेगवेगळी जनुके असलेले अनेक वाण प्रसृत व्हावेत, आणि त्यांचे बियाणे दोन एकरवाल्यापर्यंत वेळेवर पोचावे. शेताच्या बांधापाशी तांबेरा थांबत नाही. त्याला रोखण्याची जबाबदारीही एकेकट्या शेतकऱ्यावर ढकलता येणार नाही.