हिरड्यांचा रोग : उपचार संपले, पथ्य नव्हे

पायोरियाचे उपचार झाले, पू थांबला, सूज ओसरली की रुग्ण स्वतःला रोगमुक्त समजतो. चिकित्सकही पुष्कळदा तसेच समजतात. आमच्या मते ही समजूतच पुढे दात गमावण्यास कारण होते. दंतवेष्टात पू व रक्त वाहते आणि दात हलू लागतात, असे सुश्रुतसंहितेने सांगितले आहे. या रोगात झिजलेले हाड बहुतांशी पूर्ववत होत नाही. म्हणून शमन झाल्यावरही हा व्याधी याप्य मानूनच सांभाळला पाहिजे. याप्य व्याधीसाठी सुश्रुतांनी कोसळू पाहणाऱ्या घराच्या टेकूचा दृष्टांत दिला आहे. टेकू निघाला की घर बसते.

अमेरिकेतील हर्शफेल्ड व वासरमन यांनी उपचारानंतर सरासरी २२ वर्षे देखरेखीखाली राहिलेल्या ६०० रुग्णांचा अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांपैकी ३०० जणांचा एकही दात या रोगाने गेला नाही. २५ जणांचे मात्र प्रत्येकी १० ते २३ दात गेले. मुळांच्या दुभागणीपर्यंत झीज पोहोचलेल्या १,४६४ दाढांपैकी ४६० गेल्या. सारांश, धोका सर्वांना सारखा नसतो. तो कोणाला अधिक आहे, हे ओळखावे लागते.

तंबाखू, अनियंत्रित मधुमेह, तपासणीस न येणे, उपचारानंतरही उरलेल्या खोल फटी आणि हलणारे दात ही त्याची प्रमुख लक्षणे व कारणे होत. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात रोज दहा किंवा अधिक सिगारेटी, अथवा मधुमेहींत एचबीए१सी सात टक्के वा त्याहून अधिक असल्यास रोग वेगाने वाढण्याची शक्यता सर्वाधिक धरली आहे. धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते. त्यामुळे रक्त नाही म्हणजे रोग नाही, हा निष्कर्ष फसवा ठरतो.

महाराष्ट्रात मिश्रीचा प्रश्न याहून बिकट आहे. दात घट्ट होतात या समजुतीने अनेक स्त्रिया ती दिवसातून अनेकदा लावतात. पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. दंतमंजन व टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास केंद्र शासनाने १९९२ मध्येच बंदी घातली. तरीही चिकित्सकाने स्पष्ट विचारल्याखेरीज मिश्रीचे व्यसन रुग्णा सांगत नाही, कारण तिच्या लेखी ते व्यसनच नसते.

दंतवैद्याकडे वर्षानुवर्षे न फिरकणारा रुग्ण आपल्या चिकित्सालयात आणि औषधालयात वारंवार येतो. म्हणून आम्ही आग्रहाने सुचवितो : पायोरियाचे उपचार झालेल्या प्रत्येकास तंबाखू-मिश्री, रक्तशर्करा आणि शेवटच्या दंततपासणीची तारीख विचारावी. दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी व सफाई करून घेण्यास सांगावे. दात हलत असल्यास वा पू येत असल्यास औषधविक्रेत्यांनी केवळ मंजनाची डबी देऊन त्याची बोळवण करू नये. त्यास दंतवैद्याकडे पाठवावे. गंडूष, कवल व मंजन यांना दिनचर्येत स्थान आहेच; परंतु दातांच्या मुळाशी साचलेले कीटण त्यांनी निघत नाही. निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले सूत्र आपण रोज उच्चारतो. ते हिरड्यांच्या रुग्णालाही लागू करणे हे आपले कर्तव्य आहे.