एक मे : झेंडा त्यांचा, वाळू आपली, घर कुणाचं?

एक मेला महाराष्ट्राचा वाढदिवस असतो. तहसीलवर झेंडा, ग्रामपंचायतीवर झेंडा, राज्यगीत, टाळ्या, पोरांच्या हातात बिस्किटाचा पुडा. मुंबईत हुतात्मा चौकात पुष्पचक्र. त्याच दिवशी कामगार दिन, म्हणून लाल बावट्याचाही मोर्चा. एका सुट्टीत दोन सण. आणि दोन्ही सणांत एक सवाल कुणीच विचारत नाही : हा महाराष्ट्र ज्यानं हातानं बांधला, त्याच्या नावावर महाराष्ट्रात किती फूट जागा आहे?

हा सवाल शहरातल्या आपल्याच शिकल्या-सवरल्या पोरांना आहे. कारण घर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं बीडीडी चाळ येते. १४ ऑगस्ट २०२५ ला, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवसाचा मुहूर्त धरून, वरळीच्या ५५६ भाडेकरूंना चाव्या वाटल्या. १६० फुटांच्या खोलीतून ५०० फुटांच्या फ्लॅटात. चांगलं झालं. त्या चाळींनी जानेवारी १९७४ ची दंगल सोसली. त्याच दिवसांत परळच्या मोर्चात भागवत जाधव गेला. तेव्हा ती चावी म्हणजे कुणाची मेहरबानी नव्हे, पिढ्यांची थकबाकी आहे. पण एक ध्यानात घ्या. वरळीला समुद्र आहे म्हणून जमिनीला भाव आहे, आणि भाव आहे म्हणून पुनर्विकास आहे. पाण्याकाठची गरिबाची जागा तिथं निदान सौद्यात तरी येते.

आता दुसऱ्या पाण्याकाठी या. गोदावरीकाठी. परभणी जिल्हा, तालुका गंगाखेड. इथंच जनाबाई जन्मली. जिचं आयुष्य पंढरपुरात नामदेवाच्या घरी दळण-कांडण करण्यात गेलं, ती. आज तिच्या नावाचा जयजयकार आहे. पण दुसऱ्याच्या घरात राबणाऱ्या बाईला स्वतःचं घर का नव्हतं, हे कुठला कीर्तनकार विचारत नाही. याच तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगराळ अंगाला, राणीसावरगाव आहे. रेणुकेच्या देवळासाठी पंचक्रोशीत नाव असलेलं. देवीला दगडी घर आहे. त्या अंगाच्या माळरानावर राबणाऱ्या माणसांच्या घराचं काय, ते आता बघू.

या भागातला मजूर दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन निघतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल डोक्यावर. कारखान्याच्या फडावर कोपी : बांबू, पाचट, वर ताडपत्री. चार-पाच महिने तेच घर. गाळप संपलं की उन्हाळ्याच्या तोंडावर माणूस गावी परततो. म्हणजे बरोबर एक मेच्या सुमाराला तो घरी असतो. घर म्हणजे काय? चार पत्रे. पाया नाही, उतारा नाही. ज्या कामगाराच्या आठ तासांसाठी शिकागोत १८८६ साली माणसं मेली, त्या आठ तासांचा कायदा या फडावर कधी पोचलाच नाही. बाबासाहेब मजूर खात्याचे मंत्री होते. त्यांच्याच प्रयत्नांतून १९४६ च्या दुरुस्तीनं आठवड्याला ४८ तास आले ते कारखान्याच्या आतल्या कामगाराला. ऊस कारखान्यात जातो, तो तोडणारा बाहेरच राहतो. गावकुसाबाहेर होता, आता कारखान्याच्या भिंतीबाहेर आहे. दिवस बदलला का?

आणि वाळू. गोदावरीची वाळू. हायवा भरभरून रात्रीतून जाते. शहरांतले टॉवर असल्याच नद्यांच्या वाळूवर उभे राहिले. पाण्यात उतरून टोपली भरणारा कोण? आपला. रस्त्यावर दगड फोडणारा कोण? वडार. वीट भाजणारा कोण? आपलाच. २०२५ च्या वाळू धोरणात घरकुलवाल्याला पाच ब्रास वाळू फुकट लिहिली आहे. पाच ब्रास म्हणजे ५०० घनफूट. कागदावर फुकट. पण घाटावरनं माळावर आणायचं ट्रॅक्टरचं भाडं कुणी द्यायचं? नदी आपल्या दारातली, वाळू आपल्या हातानं काढलेली, आणि आपल्याच घराला ती परवान्यानं मिळणार! याला म्हणतात विकास.

घरकुलाचा हिशेब सरळ आहे. प्रधानमंत्री आवासमध्ये ग्रामीण भागात सपाटीच्या गावाला १ लाख २० हजार रुपये. हा आकडा २०१६ सालचा. सिमेंट, सळई, गवंड्याची मजुरी २०१६ ला थांबली नाही, अनुदान मात्र थांबलं. २०२५ मध्ये राज्यानं वरनं ५० हजार घातले. घर केवढं? २६९ चौरस फूट. वरळीला ५०० आणि माळावर २६९, तेही हप्त्याहप्त्यानं. उचल घेऊन पाया भरायचा, पुन्हा उचल घेऊन स्लॅब टाकायचा. म्हणजे सरकारचं घर पुरं करायला माणूस मुकादमाकडं गहाण. योजना दारिद्र्य हटवायची आणि कर्जाचा दोर गळ्यात.

पण खरी मेख पैशात नाहीच. मेख जागेत आहे. घरकुलाला जागा स्वतःची लागते. आपली वस्ती कुठं आहे? गावठाणाच्या हद्दीबाहेर, गायरानात. २०२० साली केंद्रानं स्वामित्व योजना आणली. ड्रोन उडवून गावठाणाची मोजणी, घरमालकाला मालमत्ता पत्रक. गावठाणाची बरं का. जो गावठाणाबाहेर ढकलला गेला, त्याच्यावरनं ड्रोन उडून गेला. मनूनं काठीनं आखलेली रेघ आता उपग्रहाच्या नकाशावर आली, एवढाच फरक. त्याच साली डिसेंबरात राज्य सरकारनं ठरवलं, महारवाडा-मांगवाडा ही नावं पुसायची. समतानगर, भीमनगर म्हणायचं. नाव बदललं, झकास. वस्ती मात्र होती तिथंच आहे. वाऱ्याच्या खालच्या अंगाला. समतानगरात समतेचा सातबारा कुणाकडं आहे?

जागा विकत घ्यायला सरकार अर्थसहाय्य देतं म्हणे. देतं. पण विकणारा कोण? आपल्या आळीला लागून गुंठाभर जागा भीमनगरच्या माणसाला देईल असा जमीनदार दाखवा, त्याचा सत्कार करू.

गायरानाची लढाई जुनी आहे. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि पुन्हा १९६४ ला भूमिहीनांचा सत्याग्रह केला, तुरुंग भरले. त्या रेट्यातनं पुढं १९९१ चा शासन निर्णय आला : १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करा. किती केली? वर्षानुवर्षं फायली तहसीलच्या कपाटात. मग ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाचा आदेश आला : गायरानावरची बांधकामं काढा. आकडा होता सव्वादोन लाखांच्या आसपास. आरडाओरड झाली, कारवाई थांबली. थांबली म्हणजे मिटली नाही. ज्याच्याकडं कागद नाही त्याच्या डोक्यावर ती टांगलेलीच आहे. धनदांडग्याचं मंगल कार्यालय आणि भूमिहीनाचं खोपट, कायद्याच्या तोंडी दोघंही ‘अतिक्रमणधारक’. हातोडा पहिल्यांदा कुठं पडतो, ते सांगायची गरज नाही.

काही मित्र म्हणतील, हा सुधारणावाद झाला. घरकुलाच्या तुकड्यासाठी क्रांती सोडायची काय? ऐका. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. काय पेटवलं? घरं. नांदेडकडं पोचीराम कांबळेंना मारलं, आणि गावोगाव आपल्या वस्त्या जाळल्या. सवर्णाला नेमकं कळत होतं. घर असलेला माणूस गावात टिकतो. टिकतो म्हणून बोलतो. बोलतो म्हणून जाळायचं ते त्याचं घरच. जळाल्यावर माणसं शहराकडं निघाली. तुमच्यातल्या कितीकांचे आई-बाप त्याच गर्दीतनं झोपडपट्टीत आले, घरी जाऊन विचारा. शत्रूला आपल्या घराची किंमत कळते. आपल्याला का कळू नये?

आणि हे जुनं झालं असं समजू नका. १० डिसेंबर २०२४ ला परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, मग धरपकड, आणि १५ डिसेंबरला कोठडीतच सोमनाथ सूर्यवंशी गेला. वडार समाजातला, कायदा शिकणारा पोरगा. ज्या समाजानं दुसऱ्यांच्या घरांसाठी दगड फोडले, त्यातला एक जण कायद्याचं पुस्तक उघडतो तर त्याचा असा शेवट. म्हणून म्हणतो, घर हा विटा-सिमेंटचा विषय नाही. पाय रोवायचा विषय आहे.

बाबासाहेबांनी १९५५ सालीच भाषावार राज्यांबद्दल लिहिताना सावध केलं होतं : भाषेच्या राज्यात बहुसंख्य जात मालक होऊन बसेल. तरी आपली माणसं संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्त्यावर उतरली. राज्य झालं. मराठवाड्याला तर वर्षाला चार झेंडे मिळाले : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि १७ सप्टेंबर. चार झेंड्यांना चार काठ्या लागतात आणि काठी रोवायला जमीन लागते. ती जमीन अजून आपल्या नावावर नाही.

मग करायचं काय? एक मेला झेंड्यानंतर बहुतेक गावांत ग्रामसभा असते. लोक ऊन आहे म्हणून घरी जातात. आणि घरकुलाची यादी, गायरानाचा ठराव, वस्तीच्या निधीचा हिशेब, सगळं याच सभेत चहाच्या कपावर उरकतं. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यात जे कमी असेल ते. आपल्या एका वस्तीत कितीतरी गावांत शंभर माणसं निघतील! पण आपण १४ एप्रिलला डीजे लावतो आणि एक मेला सुट्टी म्हणून झोपतो. जयंतीत पाच हजार, ग्रामसभेत पाच जण. हे चालणार नाही.

तेव्हा दोस्तांनो, या एक मेला एसटी पकडा. गावच्या यादीत नाव असेल त्यानं सभेत बसावं, हात वर करावा. नसेल त्यानं वस्तीतल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांचे अर्ज लिहून द्यावेत. घरकुलाची यादी मोठ्यानं वाचायला लावा. ग्रामपंचायतीच्या आठ नंबरच्या उताऱ्यावर कुणाची नोंद आहे, कुणाची नाही, ते लिहून घ्या. जुन्या पावत्या, विजेची बिलं, रेशनकार्ड, जे सापडेल ते एका फायलीत लावा. गायरान नावावर करायचा ठराव मांडा आणि इतिवृत्तात लिहिल्याशिवाय उठू नका. आणि घर बाईच्या नावावर मागा. कोयत्यात अर्धी ती, तर उताऱ्यावरही ती.

१९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्यानं दलित कोण ते सांगितलं होतं : अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कष्टकरी, भूमिहीन शेतमजूर, गरीब शेतकरी, स्त्रिया. ही सगळी माणसं गंगाखेडच्या माळावर एका कोपीत सापडतात. त्यांना सोडून शहरात कविता लिहायची असेल तर खुशाल लिहा. पण तिला विद्रोह म्हणू नका.

झेंडावंदन झालं. आता इतिवृत्त उघडा. आमच्या जागेचा ठराव कोणत्या पानावर आहे?

जय भीम!