सिस्टरला ही विद्या कशाला?

दिवाळीच्या फराळाशेजारी आजाराचा विषय काढला म्हणून कोणी नाक मुरडील, मुरडो बापडे! सण घरादाराचा आहे, आणि मी बोलणार आहे तेही घरादाराविषयीच, रक्तातून पोराबाळांकडे जे जाते त्याविषयी.

परवा एका सभेत मी म्हणालो, की परिचारिकेला अनुवंशशास्त्र नीट यायला हवे. एक विद्वान गृहस्थ म्हणाले, "अहो, सिस्टरने नाडी पाहावी, इंजेक्शन द्यावे. ही विद्या तिला कशाला?" सभा हसली. मला हसू आले नाही.

सिकलसेलचेच पाहा. भारतात हा आजार १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत प्रथम आढळला. आज गडचिरोली-नंदुरबारच्या पाड्यांवर त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. २०२३ साली केंद्र सरकारने २०४७ पर्यंत त्याचे उच्चाटन करण्याची मोहीम काढली. सात कोटी लोकांची तपासणी करायचे ठरले. उत्तम! पण तपासणीचा कागद हाती पडल्यावर भेदरलेले जोडपे विचारणार कोणाला? डॉक्टर घाईत असतात. जवळ असते ती सिस्टर.

तिला काय यावे? पहिली चाचणी नुसती चाहूल देते; वाहक कोण नि रुग्ण कोण, हे पुढची तपासणी ठरवते, हे तिला ठाऊक हवे. वाहक म्हणजे रोगी नव्हे, हे सांगता यावे. आईबाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणी मूल रुग्ण असण्याचा संभव २५ टक्के. एखादीचे पहिले मूल आजारी निघाले, की अर्धवट शिकलेली सिस्टर धीर देते, "चारांत एक झाले, आता पुढची तीन सुखरूप!" केवढा हा घात! नाणे दर वेळी नव्याने उडते. मागचा कौल त्याच्या लक्षात राहत नाही.

इकडे सासू म्हणते, "हिच्याच माहेरचे हे दुखणे." अशा वेळी ठणकावून सांगायला हवे, की आईकडून एक आणि बापाकडून एक, अशी दोन सदोष जनुके आल्यावाचून मूल या आजाराने रुग्ण होत नाही. तीन पिढ्यांचा वंशवृक्ष तिला कागदावर काढता यावा. आणि काढल्यावर तोंड मिटून बसताही यावे. नाहीतर वाहक मुलीची बातमी गावभर होते आणि ठरलेले लग्न मोडते.

अभ्यासक्रमात हा विषय आहेच, असे मला सांगतील. आहे ना! पण मेंडेलच्या वाटाण्यांवर गुण मिळवणे निराळे आणि रडणाऱ्या बाईशेजारी बसून तिला तिच्याच बोलीत हे उलगडून सांगणे निराळे. म्हणून माझे म्हणणे एवढेच, की या विषयाची परीक्षा नुसती वहीत नको, खाटेपाशीही घ्या. जी त्या बाईला समजावू शकेल, तीच उत्तीर्ण.

त्या सभेतल्या गृहस्थांना हे मान्य नसेल, तर त्यांनी एकदा त्या बाईसमोर बसून पाहावे. मग हसावे.