समुद्रांतील शेजारधर्म

हल्लीं पुष्कळ घरांतून एक नवीनच छंद आढळतो. शाळकरी मुलगा मोबाइलवर समुद्राचा नकाशा उघडतो आणि मुंबईबाहेर नांगरलेलें जहाज कोठून आलें व कोणीकडे जाणार, हें घरांतील मंडळींस वाचून दाखवितो. ज्या घरचा मुलगा मालवाहू जहाजावर नोकरीस आहे, त्या घरीं तर हा केवळ छंद राहत नाहीं. सांजवात झाली, कीं वडील मंडळी विचारतात, "आज बोट कोठपर्यंत आली?" समुद्रगमन शास्त्रसंमत आहे कीं नाहीं, ह्यावर ज्या घराण्यांत पणजोबांच्या काळीं कडाक्याचे वाद झाले, त्याच घराण्यांत आज हा प्रश्न सहज विचारला जातो. त्या नकाशावरील ठिपक्यांचा खरा उपयोग काय, ह्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं ह्या खेपेस योजिलें आहे.

जहाजावर काय ओढवलें हें न कळल्यानें केवढा अनर्थ होतो, तें महाराष्ट्रास निराळें सांगावयास नको. ता. १७ जुलै १९४७ रोजीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट वादळांत बुडाली व सहाशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती. कित्येक तास मुंबईस ह्या अनर्थाची वार्ताहि नव्हती. जे वांचले, त्यांपैकीं पुष्कळांस कोळ्यांनीं आपल्या होड्यांत ओढून घेतलें. 'टायटॅनिक'ची कथा ह्याहून निराळी. १९१२ च्या एप्रिलांत तें जहाज बुडत असतां 'कॅलिफोर्नियन' नांवाचें मालवाहू जहाज थोड्याच मैलांवर उभें होतें. बिनतारी यंत्र दोहोंवर होतें. परंतु 'कॅलिफोर्नियन'वरील एकुलता एक संदेशक निजावयास गेला होता. आकाशांत उडणारे बाण अधिकाऱ्यांनीं पाहिले, पण त्यास उठविलें नाहीं. अखेर ५८ सागरी मैलांवरून 'कार्पेथिया' धांवून आली व सुमारें सातशें जीव वांचले. सुमारें पंधराशें गेले.

ही उणीव आतां दोन प्रकारांनीं भरून काढण्यांत आली आहे. पहिला प्रकार म्हणजे नकाशावर ठिपके उमटविणारें यंत्र. परदेशच्या सफरी करणाऱ्या, तीनशें टन व त्याहून मोठ्या जहाजांवर तें बसविणें २००४ अखेरपर्यंत सक्तीचें झालें. चालतें जहाज आपलें ठिकाण, दिशा व वेग दर कांहीं सेकंदांनीं त्याच्या द्वारें पुकारीत असतें. जहाजांची टक्कर टळावी, हा त्याचा मूळ हेतु. किनाऱ्यापासून दूरच्या समुद्रांतील ही पुकार उपग्रह टिपून घेतात.

दुसरा प्रकार ह्याहून जुना आहे. १८ जुलै १९५८ रोजीं अमेरिकेच्या तटरक्षक दलानें 'ॲम्व्हर' नांवाची पद्धति सुरू केली. जहाज निघतांना आपला मार्ग व वेग कळवितें आणि वाटेंत अधूनमधून आपलें ठिकाण सांगतें. त्यावरून कोणत्या घटकेस कोणतें जहाज कोठें असेल, ह्याचा हिशेब गणकयंत्र ठेवितें. संकटाची वर्दी आली, कीं जवळपास कोणतीं जहाजें आहेत व त्यांपैकीं कोणावर डॉक्टर आहे, ह्याची यादी बचाव केंद्राच्या हातीं पडते. ही माहिती बचावाखेरीज अन्य कामीं वापरीत नाहींत. म्हणूनच व्यापारी कंपन्या ती विश्वासानें देतात. आपल्या समुद्रासाठीं भारतीय तटरक्षक दलहि अशीच एक पद्धति चालवितें.

मात्र यादी कितीहि बिनचूक असली, तरी पुढचें काम माणसासच करावें लागतें. २०१८ सालीं एकट्यानें शिडाच्या होडींतून पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत फ्रान्समधून सुरू झाली. आपल्या नौदलाचे अभिलाष टॉमी गोव्यांत बांधलेली 'थुरिया' होडी घेऊन तींत उतरले होते. सप्टेंबरांत हिंदी महासागरांत ते जबर जखमी झाले व एका फ्रेंच गस्ती जहाजानें त्यांस वांचविलें. त्याच शर्यतींतील सुझी गुडॉल ही २९ वर्षांची इंग्रज तरुणी ५ डिसेंबर रोजीं केप हॉर्नच्या पश्चिमेस सुमारें दोन हजार मैलांवर होती. लाटेनें होडी कोलांटी खाऊन उलटली, डोलकाठी मोडली, सुझी कांहीं वेळ बेशुद्ध पडली. इतक्या दूर हेलिकॉप्टर पोंचणें अशक्य. चिलीच्या बचाव केंद्रानें त्या भागांतील जहाजांस साद घातली. चीनहून अर्जेंटिनाकडे निघालेलें 'ट्यान फू' हें मालवाहू जहाज सुमारें पांचशें मैलांवर होतें. त्यानें आपला मार्ग सोडला व दोन दिवसांनीं होडी गांठली. १९० मीटर लांबीचें धूड उसळत्या समुद्रांत इवल्याशा होडीपाशीं आणणें हें मोठें जोखमीचें काम. अखेर माल चढविण्याच्या यारीनेंच सुझीला वर उचलून घेण्यांत आलें.

ह्या धांवण्याची किंमत लहान नसते. इंधन जळतें, बंदराची ठरलेली वेळ चुकते, मालाचा धनी खोळंबतो. तथापि आपलें जहाज व माणसें संकटांत न घालतां बुडत्याच्या मदतीस जाणें हें कप्तानाचें कर्तव्यच आहे, असें आंतरराष्ट्रीय कायदा सांगतो. आमच्या मतें खरी कसोटी त्यापुढें लागते. ऑगस्ट २००१ मध्यें नॉर्वेच्या 'टांपा' जहाजानें ऑस्ट्रेलियाच्याच बचाव केंद्राच्या सांगण्यावरून ४३८ जणांस बुडत्या होडींतून उचललें. त्यांत बहुतेक अफगाण निर्वासित होते. त्यांस किनाऱ्यावर उतरवून घेण्याचें ऑस्ट्रेलियाच्या सरकारनें नाकारलें. एवढेंच नव्हे, तर जहाजावर सशस्त्र सैनिक चढविले. वांचविलेल्या लोकांस उतरवून घेण्याच्या कामीं राष्ट्रांनीं सहकार्य करावें, असा नियम त्यानंतर २००४ मध्यें झाला. परंतु २०२० सालीं 'मेर्स्क एटिएन' ह्या डेन्मार्कच्या तेलवाहू जहाजानें माल्टाच्या विनंतीवरून २७ जणांस वांचविलें, तेव्हां ३८ दिवस कोणतेंहि बंदर त्यांस घेईना! ज्यानें कर्तव्य केलें, त्याच्याच गळ्यांत हें लोढणें. उद्यां एखादा कप्तान साद ऐकूनहि कचरला, तर दोष एकट्या त्यास देतां येईल काय?

आपले हजारों तरुण आज जगाच्या जहाजांवर आहेत. त्यांत कोणी बुडत्यास काढणारा असेल, कोणी स्वतःच बुडत असेल. तेव्हां ह्या नियमांचें पालन होतें कीं नाहीं, ही आपल्या घरचीच बाब आहे. मुलांनीं तो नकाशा खुशाल पाहावा. मात्र जाणत्यांनीं त्यांस एवढें समजावून द्यावें, कीं सरळ चाललेलें जहाज एकाएकीं वळलें, तर त्याची वाट चुकलीच असें नाहीं. कदाचित् दुसऱ्या कोणाच्या घरचें माणूस परत आणण्यासाठीं तें वळलें असेल. त्यापायीं आपला मुलगा चार दिवस उशिरां घरीं आला, तर तो उशीर आपण आनंदानें सोसावा.