खाडीपलीकडचं बाळ

वसई-विरारमध्ये बाळंतपणं करणाऱ्यांना ही रात्र समजावून सांगावी लागत नाही. अडीचला तातडीचं सिझर, बाळ रडत नाही, तासाभरात ते रुग्णवाहिकेतून खाडी ओलांडून मुंबईकडे. बाप कागदांची पिशवी घेऊन सोबत. आई इकडेच, ताज्या टाक्यांसकट. पहाटे शेजारच्या खाटेवरचं बाळ रडतं आणि पान्हा हिला फुटतो.

सकाळच्या राउंडला आपण विचारतो, गॅस पास झाला का, लघवी झाली का. केसपेपरवर ‘प्रकृती समाधानकारक’.

‘तिला आत्ता काही सांगू नका,’ असं नातेवाईक म्हणतात आणि आपण मान डोलावतो. माझ्या मते पहिली चूक इथेच होते. न सांगितलेलं ती स्वतःच भरून काढते: ग्रहणात विळीवर भाजी चिरली होती, दुखायला लागल्यावर निघायला उशीर केला. म्हणूनच, समजा वार आधी सुटली असेल, तर डॉक्टरांनी खाटेशी बसून तेवढंच सांगावं, आणि ती ग्रहणामुळे सुटत नाही हेही. नवरा समोर असताना. गरज पडली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. पहिल्यांदा सांगितलेलं भुलीच्या गुंगीत विरून जातं.

मात्र सांगणं वेगळं आणि वदवून घेणं वेगळं. एकाच बैठकीत सगळा प्रसंग पुन्हा उगाळायला लावू नये, असं ब्रिटनची ‘नाइस’ ही संस्थाही बजावते. ती बोलली तर ऐकावं. ‘बाळ वाचलं ना, मग रडायचं कशाला’ हे वाक्य मात्र आपल्या वॉर्डातून हद्दपार व्हावं.

बाप तर कुठल्याच रजिस्टरात नाही. संमतीवर सही त्याची, रक्ताच्या पिशवीसाठी धावला तोच. त्याला कुणी खुर्चीसुद्धा देत नाही.

घरी गेल्यावर आशाताईंच्या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी. वजन, ताप, नाळ, बहुतेक सगळं बाळाचं. ऑगस्ट २०२२मध्ये पालघर जिल्ह्यातल्या मोखाड्यात जुळी बाळं गमावलेल्या आईला रस्ता नसल्याने झोळीतून दवाखान्यात न्यावं लागलं. चर्चा रस्त्याची झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण ४२व्या दिवशी अशा आईला झोप लागते का, त्या रात्रीची स्वप्नं पडतात का, दवाखान्याचं नाव काढलं की छाती धडधडते का, हे कुणी विचारायचं? महिना उलटूनही हे चालू असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक डिस्चार्ज कार्डावर छापायला कितीसा खर्च येतो?

तोवर वॉर्डात एक करता येईल. प्रत्येक पाळीतल्या सिस्टरने खाडीपलीकडच्या एनआयसीयूला, म्हणजे नवजात अतिदक्षता विभागाला, फोन लावावा आणि जे कळेल ते, चांगलं-वाईट, आईला स्वतः सांगावं. तिथले डॉक्टर हो म्हणाले, तर काढलेलं दूध बर्फाच्या डब्यातून सकाळच्या विरार लोकलने पाठवता येतं. बाटलीवर तारीख आणि वेळ तिच्याच हाताने लिहून घ्यावी.