रोवळींतले कवडसे

जुनीं भांडीं मोडींत काढावयाचें आमच्या घरीं गेल्या महिन्यांत ठरलें. त्यांत तांदूळ धुवावयाची पितळी रोवळीही होती. खिडकींत ती आडवी पडली असतां सकाळचें तिरपें ऊन तिच्या छिद्रांतून समोरच्या भिंतीवर उतरलें आणि भिंत वाटोळ्या कवडशांनीं भरून गेली. धाकट्या पुतणीनें तत्काळ छायाचित्र घेतलें. भिंत पुरेशी दूर असली कीं असा प्रत्येक कवडसा म्हणजे सूर्याचेंच बिंब. खंडग्रास ग्रहणांत तेच कवडसे कोरीसारखे दिसतात.

अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन यांनीं १९३० सालीं पत्र्याच्या नरसाळ्यांत एक ढोबळी मिरची ठेवून टिपलेलें चित्र आज जगन्मान्य आहे. तेव्हां वाचकहो, साहित्य घरींच आहे. खिडकीचा उजेड बाजूनें घ्यावा, वस्तु मुद्दाम सजवूं नये, एवढेंच पथ्य.

चित्र आईस दाखविलें. ती बराच वेळ पाहात राहिली. मग म्हणाली, “चाळीस वर्षें मीं इथेंच तांदूळ धुतले, पण भिंतीकडे माझी पाठ असे.”

रोवळी पुन्हां फळीवर गेली. आतां तांदूळ आम्ही पाळीनें धुतों. आई भिंतीकडे तोंड करून बसते.